ओंकारेश्वरची बाटली

बडा गणपती, इंदूर
रविवार

प्रिय ऋजू,

आशीर्वाद आहेतच, ते काही लिहून द्यावे लागत नाहीत. फोन केला असता, पण फोनवर मी चिडले की तू गप्प होतेस आणि तू गप्प झालीस की मी आणखी चिडते. शिवाय शालिनीवन्सं अजून इथेच आहेत. भाऊ गेल्यावर वहिनीला एकटं कसं सोडायचं म्हणून राहिल्या आहेत, आणि फोन वाजला की हातातलं काम टाकून शेजारी येऊन बसतात. म्हणून पत्र. बाबांच्याच टेबलावर बसून लिहिते आहे.

घरी तसं ठीक आहे. काल दूध पुन्हा करपलं. कोविडमध्ये माझं नाक गेलं ते गेलंच, वन्सं बाहेरून ओरडत आल्या तेव्हा मला कळलं. बाबांची भाड्याची खाट ते लोक घेऊन गेले. त्या जागी काय ठेवावं सुचत नाही. जाता-येता मी अजून तिला वळसा घालूनच जाते. तू तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी पुण्याची गाडी पकडलीस ते मला लागलं, हे सांगून टाकते. निघताना पाया पडलीस, पण वर बघितलं नाहीस. तेव्हा वाटलं, दुःख आहे पोरीला. आता वाटतं, तेवढंच नव्हतं.

तुकोगंजच्या डॉक्टरांनी आपल्या दोघींना बाहेर बसवून सांगितलं ते आठवतं ना, "आंटीजी, अब घर ले जाइए. जो माँगें, वो दीजिए." पोटातला कॅन्सर सगळीकडे गेला होता, त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं. मी घरी येऊन श्रीखंड केलं, मुगाचा हलवा केला, साबुदाण्याची खीर केली. बाबा भिंतीकडे तोंड फिरवायचे. मग तू सुट्टी टाकून परत आलीस आणि तुझं ते संध्याकाळचं सरबत सुरू झालं. सामान ते किती! अर्धं लिंबू, चमचाभर साखरेचा पाक, बर्फ, वर सोडा. एखाद्या दिवशी काकडीची चकती आणि चिमूटभर काळं मीठ. एखाद्या दिवशी पुदिन्याची पानं, वाटायची नाहीत, नुसती तळहातांत थोपटायची. कधी कॅनमधला तो कडू सोडा, वर 'टॉनिक' लिहिलेला. तो मी एकदा चाखून थुंकले होते आणि औषधच असेल म्हणून गप्प बसले होते. आणि सगळ्यात आधी, ओट्यावरच्या लाल दोरा बांधलेल्या ओंकारेश्वरच्या बाटलीतून दोन टोपणं.

ते मी दारातून बघितलं आणि मला भरून आलं. आरतीच्या वेळी घड्याळाकडे बघणारी माझी लेक बापाच्या सरबतात नर्मदाजल घालते! जिन्यातल्या सगळ्यांना सांगितलं मी. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, बेटी हो तो ऐसी." बाबा जन्मभर माझी टिंगल करत आले, की अगं बाई, इंदुरात नळालाच नर्मदा येते, तू कशाला ओंकारेश्वरहून बाटल्या वाहतेस. तेच आता दिवेलागणीला दाराकडे बघत बसायचे. एक घोट घेतला की डोळे मिटायचे, आणि ओढलेला चेहरा जरा सैल पडायचा. मी म्हणायचे, बघा, नर्मदामाईचा गुण. ते माझ्याकडे बघून हसायचे. ते हसू मला आता दिवसभर आठवतं.

घोट उतरेना झाला तेव्हा तू त्याच सरबताचा बर्फ लावायला लागलीस. तो बर्फ काही धड जमायचा नाही. मी फ्रीजवाल्या बंटीला बोलावून भांडले, "भिया, अभी तो गॅस भरी थी, और बरफ नहीं जमती?" तो बिचारा शेजारच्या ट्रेमधला पाण्याचा बर्फ ठोकून दाखवत होता, अगदी दगडासारखा. मी ऐकूनच घेतलं नाही. तो अर्धवट भुगा मी स्वतः चमच्याने भरवला आहे, ऋजू, तोंड पुसत पुसत.

तुझे आजोबा दारूने गेले हे तुला माहीत आहे. त्यानंतर सासूबाईंनी बाबांच्या ओंजळीत नर्मदेचं पाणी घातलं आणि शपथ घ्यायला लावली. पुढे नोकरी लागली ती नेमकी आबकारी खात्यात. जन्मभर दारू पकडली, सांडली, बाटल्या फोडल्या, पण जिभेला थेंब लावला नाही. सासूबाई गेल्यावर ती शपथ मी सांभाळली. सांभाळली कसली, पहारा दिला. खात्याची पार्टी असली की दार उघडल्यावर आधी तोंडाचा वास घ्यायचे. खोकल्याच्या औषधावरचंसुद्धा वाचून बघायचे. लग्नाकार्यात मोठ्या तोऱ्यात सांगायचे, आमच्याकडे नाही हं चालत. ते शेजारी उभे राहून काही बोलायचे नाहीत. मला वाटायचं, त्यांनाही अभिमान आहे.

त्या दुपारी तू खाली इंजेक्शन आणायला गेली होतीस. त्यांचा श्वास एकदम बदलला. वन्सं ओरडल्या, "वहिनी, तुळस! पाणी!" मी धावत जाऊन तीच बाटली उचलली, ओठांवर तुळशीचं पान ठेवलं आणि पळीने तोंडात घातलं. तू दारात आलीस तेव्हा पळी माझ्या हातात होती. तू "आई, नको" म्हणालीस. बाबांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, नीट, ओळखून. ओठांवरून जीभ फिरवली. मग सगळं शांत झालं. नर्मदामाईने सोडवलं म्हणून मी प्रत्येकाला सांगितलं. ती बाटली देवघरात नेऊन ठेवली, आणि तेरा दिवस तिच्यासमोर वन्सं पोथी घेऊन बसलेल्या. तुला तिला हात लावणं शक्यच नव्हतं, हे आता कळतं.

गेल्या सोमवारी पूजा झाल्यावर त्यातलं तीर्थ घेतलं. जीभ पेटली, घसा पेटला. वाटलं, कुणी ॲसिड भरून ठेवलं की काय. नाक मेलं असलं तरी जीभ जिवंत आहे माझी. मग तो न जमणारा बर्फ आठवला. तुझ्या कपाटात रजयांच्या खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली रिकामी बाटली मिळाली. जिन. तुला मनात काय काय बोलले ते लिहीत नाही. ज्या पाण्यावर शपथ घेतली, त्याच पाण्याच्या बाटलीतून दारू, आणि शेवटच्या क्षणी माझ्या हातून! त्या दिवशी देवापुढे दिवा लावला नाही. वन्संना सांगितलं, डोकं दुखतं आहे.

दुसऱ्या दिवशी ती काचेची बाटली टाकून द्यायला उचलली तेव्हा तिच्या मानेवरचा सरकारी चकचकीत स्टिकर दिसला. त्याचा कोपरा नखाने उचकून परत दाबून बसवलेला होता. ही सवय या घरात एकाच माणसाची. माल नकली आहे का ते बाबा असंच तपासायचे. रिटायर झाल्यावर तेलाच्या डब्यापासून औषधांच्या खोक्यांपर्यंत सगळ्यांचे कोपरे उचकलेले असायचे. म्हणजे बाटली त्यांच्या हातात होती. चष्मा लावून, खरी आहे ना बघून, मग प्यायले. तू त्यांना फसवलं नाहीस. त्यांनी मागितली. मागितली, पण तुझ्याकडे. माझ्याकडे मागायची हिंमत झाली नाही त्यांची, मरायला टेकले तरी नाही. इतकी वर्षं मी घरात बायको म्हणून राहिले की शिपाई म्हणून, हा विचार डोक्यातून जात नाही. फार रडले, ऋजू. ते गेले तेव्हा एवढी रडले नव्हते.

आता पत्र का लिहिते ते सांगते. त्या पळीत काय होतं ते त्यांना जिभेवर कळलं असणार. माझ्याकडे बघितलं तेव्हा त्यांना वाटलं असेल, हिला सगळं कळलं, आणि हिने आपल्या हाताने दिली. किंवा वाटलं असेल, ही वेडी अजून नर्मदाच समजते आहे. यातलं कुठलं, ते मला या जन्मी कळायचं नाही. तू "आई, नको" म्हणालीस ते मनाला लावून घेऊ नकोस, मी रागावले होते, पण आता तुझ्यावर राग नाही. गुरुवारी त्यांचं मासिक श्राद्ध आहे. पानात त्यांच्या आवडीचं वाढायचं, तर ते सरबत हवं. मी काल करून बघितलं, नुसतं आंबट झालं. लिंबू आधी की पाक आधी, सोडा किती, काकडी सालासकट की सोलून, नीट लिहून कळव. जमलं तर ये, पण आलीस तर नुसतं शेजारी उभं राहायचं, मीच करणार आहे. लाल दोऱ्याच्या बाटलीत अजून थोडं शिल्लक आहे, मी ओतलेलं नाही. वन्संनी विचारलं तर नर्मदाजल घातलं म्हणून सांगेन. पण या वेळी मी काय देते आहे, ते मला माहीत असेल.

तुझीच,
आई