दीड वर्ष कमी

किनवट, ३ ऑगस्ट २०२५

चि. संघपाल यास पंचशीलाताईचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र आलं म्हणून हसू नको. शाळेत रेंज नाही, आणि घरी आलं की तुझ्या दाजींची उठबस. लकव्यानं उजवा हात अजून उचलत न्हाई.

आमची धम्मप्रिया सतरा वर्षांखालच्या राज्य स्पर्धेत फुटबॉल खेळणार, हे मी अख्ख्या शाळेला सांगून बसले. तीन वर्षं मामाकडं राहिली आणि तुझ्यासारखीच तोंडाळ झाली. खेळताना तुझा गुडघा मोडला तेव्हा तू आठ दिवस भिंतीकडं तोंड करून पडला होतास. आता नऊ वर्षं लातुरात पोरींना फुटबॉल शिकवून राहिलास, यंदा कायम होशील म्हणतोस. होऊ दे बाबा. जेवत जा वेळेवर. मामा-भाची मिळून एका माणसाचं वजन भरत न्हाई तुमचं!

खुशाली कळवत राहा, माया आहे तशी राहू दे.
तुझी ताई

लातूर, १९ ऑगस्ट

ती. ताईस संघपालचा सविनय जयभीम. वि. वि.

ताई, घात झाला. फोन केला तर दाजी ऐकतील, म्हणून लिहितो. नांदेडच्या शिबिरात वय तपासायला पोरींच्या मनगटांचे एक्स-रे काढले. धम्मप्रियाचं वय सतराच्या वर निघालं. सगळा संघ बाद केला. पोरी मैदानातच रडत बसल्या.

तुमच्या शाळेच्या रजिस्टरची नक्कल मला दाखवली. जन्मतारीख खोडून दुसरी लिहिलीय. चौकशी समिती म्हणते, हे कोचचंच, म्हणजे माझंच काम. पण अक्षर तुझं आहे, ते मी लगेच ओळखलं. पुढं नोकरीला वय कामी येतं म्हणून सगळेच कमी लावतात, तूही पोरीला पहिलीत घालताना लावलंस. तुझ्या मनात वाईट नव्हतं. मी तेव्हा बाहेर खेळत हिंडत होतो, कोण कोणत्या साली झालं हे मला काय ठाऊक!

पंचवीसला समिती तुझ्याकडं येणार आहे. खरं तेवढं सांग. नाहीतर मला जन्मभर कुठल्याच मैदानावर शिकवता येणार न्हाई. खेळणं गेलं ते सोसलं. हेही गेलं तर मी करू काय? पोरीला अजून काही सांगितलं न्हाई.

दाजींना जयभीम. तुझ्या शब्दावर विसंबून आहे.
संघपाल

किनवट, २ सप्टेंबर

चि. संघपाल,

आशीर्वाद लिहायला हात धजत न्हाई.

आधी मी खरी तारीख लिहिली होती रे. शेजारच्या वर्गाचे गुरुजी म्हणाले, बाई, लेकराचं नुकसान कशाला करता? तिथल्या तिथं खोडून दीड वर्ष कमी केलं.

समितीनं विचारलं, खाडाखोड कुणाची? बाईंची असेल तर नोकरी जाईल, वर गुन्हा. मला दाजी दिसले, त्यांची औषधं दिसली. मी म्हणाले, तीन वर्षांमागं पोरीचा शाळा सोडल्याचा दाखला न्यायला भाऊ आला होता, मी पाणी आणायला गेले, रजिस्टर त्याच्यापुढं उघडं होतं. खाली सहीसुद्धा केली.

बोलले ते तिथंच परत घ्यायला हवं होतं. न्हाई घेतलं. मी भित्री निघाले, संघपाल. हे पत्र समितीला दाखवायचं तर दाखव, मी नाकारणार न्हाई. फक्त माझ्या लेकीला सांगू नको.

लोभ असू दे म्हणायला तोंड उरलं न्हाई.
पंचशीला

लातूर, ९ सप्टेंबर

ती. ताईस जयभीम.

काल निकाल लागला. मला जन्मभर बंदी घातली.

निकालाआधी तुझं पत्र खिशात घालून दोनदा समितीच्या दारापर्यंत गेलो. मी काही संत न्हाई. लई राग आहे, आणि तो जाईल असं वाटत न्हाई. तुझ्या घरी आता येणं होणार न्हाई.

धम्मप्रियानं तोंडावर विचारलं, मामा, खरं सांग, तू केलंस का? मी हो म्हणालो. तिनं बूट माझ्या पायांशी फेकले आणि मैत्रिणीकडं निघून गेली. येत्या रविवारी तुझ्याकडं येईल. मला शिव्या देईल. देऊ दे, अडवू नको.

तुझं पत्र याच पाकिटात परत पाठवतोय. ती यायच्या आत जाळून टाक.

संघपाल