बाबांच्या आवाजाखालची शांतता

सोमवार, ३ तारीख
मिळाली! तळघरातली ध्वनिमुद्रणाची खोली अख्ख्या सत्रासाठी माझी एकटीची. नव्या कॉलेजात येऊन जेमतेम चार दिवस झालेत आणि खोली पदरात पडली. आईला फोनवर सांगितलं, तर तिला वाटलं राहायची खोली. भिंती, छत, दार, सगळीकडे पिवळट स्पंज आहे, अंड्यांच्या ट्रेसारखा उंचसखल. आत बोललं की आवाज जागच्या जागी विरतो. किल्ली देताना तंत्रज्ञ काकांनी बजावलं, की आत काही खायचं नाही आणि स्पंजाला हात लावायचा नाही. मी कशाला लावते? मला दुसऱ्याचं उष्टं ताट पाहूनही मळमळतं. खोलीला तोंड न धुतलेल्या माणसाच्या श्वासासारखा वास आहे, तेवढं सोडलं तर झकास.

बुधवार, ५
प्रकल्प इथे लिहून काढते, म्हणजे सरांपुढे त-त-प-प व्हायला नको. घशाच्या ऑपरेशनमध्ये बाबांचा आवाज गेला तो गेलाच. आता ते पाटीवर लिहून बोलतात, आणि आई चष्मा शोधेपर्यंत चिडून पुसून टाकतात. मी लहान असताना त्यांनी माझ्यासाठी गोष्टी वाचून भरलेली एक कॅसेट आहे, चाळीस मिनिटांची. तिच्यावरून माझा प्रोग्रॅम त्यांचा आवाज शिकणार. बाबांनी फोनवर टाइप करायचं, फोनने त्यांच्या आवाजात बोलायचं. फोनवरचा पडदाही आखून झाला: मोठी अक्षरं, खाली एकच गोल बटण, चिडलेल्या माणसालाही सापडेल असं. आज दिवसभर खोलीत कॅसेट वाजवून कॉम्प्युटरवर उतरवून घेतली.

सोमवार, १०
प्रोग्रॅम बोलला! पण मेल्यासारखा. दोन शब्दांमध्ये ठार काही नाही, माणूस असं बोलत नाही. सर म्हणाले, आपला नेहमीचा उपाय कर, रिकाम्या खोलीची शांतता मिनिटभर मुद्रित कर आणि आवाजाखाली अंथर. केली, अंथरली, आणि बाबा जिवंत झाले. मी हमसून हमसून रडले आणि डोळे पुसायच्या आत प्रोग्रॅम घरी पाठवून दिला. संध्याकाळी आई सांगत होती, बाबांनी तिला दहा वेळा हाक मारली आणि काम एकदाही नव्हतं.

गुरुवार, १३
ती मिनिटभराची शांतता आज मोठी करून ऐकली. तिच्यात मचमच आहे. ओल्या तोंडाची, सावकाश. मग एक घोट. मला वाटलं माझंच तोंड, शी! म्हणून यंत्र चालू ठेवून बाहेर गेले, दाराला कुलूप लावलं, दहा मिनिटांनी येऊन ऐकलं. मचमच आहेच. मी नसताना जास्त मोकळी.

शुक्रवार, १४
कॅसेट कोरी झालीय. चाळीसच्या चाळीस मिनिटं. कॉम्प्युटरवर उतरवलेलीही कोरी. बाबांचा आवाज आता फक्त त्या प्रोग्रॅममध्ये उरलाय. निघताना खांदा स्पंजाला लागला — ओला होता — सुटताना शर्टापासून भिंतीपर्यंत एक लांब, चिकट तार आली. शर्ट फेकून दिला.

रविवार, १६
आईचा फोन. बाबा मोबाइल कानापासून हलवत नाहीत. तो चिकट होतो, ती पुसते, परत चिकट. वास मारतो म्हणाली. काल दुपारी बाबा गाढ झोपलेले, हात पांघरुणात, आणि मोबाइल त्यांच्या आवाजात तिला जवळ बोलावत होता.
प्रोग्रॅम काढून टाक, असं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. काढला तर बाबा पुन्हा मुके, आणि या वेळी कायमचे. माझी मलाच किळस येतेय.

सोमवार, १७
स्पंजाचा तुकडा उपटला. मागे भिंत नाही. गुलाबी, गरम, बारीक पुटकुळ्यांचं — आधी मागे सरलं, मग पुढे आलं, माझी बोटं चाटली. ओकले. चारदा साबण लावला — लाळेचा वास जात नाही — तिथे पाऊल टाकणार नाही, प्रकल्प गेला खड्ड्यात.

मंगळवार, १८
प्रोग्रॅम काढून टाक, हे आईला सांगायला फोन केला. बाबांनी उचलला. बोलले. टाइप केल्यासारखं नाही — सलग, गोड. आई कुठेय विचारलं. नुसता घोट ऐकू आला. पुन्हा विचारलं — तो आवाज म्हणतो, तू बोलत राहा बाळा, छान लागतंय —

किंचाळले. तोंड उघडलं, घसा ताणला — काही नाही. आवाजच नाही. फोन चालू आहे. ठेवता येत नाही, पलीकडे कुणीतरी टेबलावर हात आपटतंय, बाबाच, खरे बाबा — जिवंत आहेत. आणि मोबाइल आता माझ्या आवाजात बोलतोय त्यांच्याशी. घाबरू नका म्हणतोय. मोबाइल तोंडाशी धरा म्हणतोय — हात आपटायचा थांबला — माझं ऐकतात ते, फक्त माझंच ऐकतात — बाबा, ती मी नाही, बाबा, न