दोरा बांधलेली शंभर झाडं

९ जानेवारी १९७९, मंगळवार
सर्व्हे सुरू. चाकणच्या अलीकडे दौलतरावांचा हरभरा. मर रोगाची बुरशी आठवड्याला किती पसरते ते मोजायचं. शंभर झाडांना लाल दोरा बांधला. कंबर मोडली. तीन वाळलेली, बाकी ठणठणीत. रिपोर्ट चांगला गेला की नोकरीत कायम होणार, नक्की. दोन वर्षं टेंपररी! मृदुलाचा भाऊ पिंपरीच्या कंपनीत सहा महिन्यांत पर्मनंट झाला, हे ती मला रोज जेवताना ऐकवते.

१६ जानेवारी
एसटी चुकली. पोचतो तर दौलतरावांच्या पत्नी गोजाबाईंनी बांधावर हिरव्या हरभऱ्याचा हुळा भाजून तयार ठेवलेला. नाही म्हणणं बरं दिसत नाही. खाल्ला. मग मोजणी. वाळलेली तीनच, पण दोऱ्याची बावीस झाडं मुळासकट गायब! मर रोगाने झाड वाळतं, नाहीसं होत नाही, असं पुस्तकात आहे. पुस्तकं बदलावी लागणार.

२३ जानेवारी
पुन्हा हुळा. सरकारी कामात नुसता अडथळा. पुढच्या वेळी ठाम नकार. घरीही न्या म्हणून बाईंनी जुडी दिली. मृदुलाने सोलाण्याची आमटी केली. महिन्याभरात पहिल्यांदा हसली.
एकूण अठ्ठेचाळीस झाडं गेली. नवीन बुरशी, शंकाच नको. तिला नाव द्यायला आमच्या आडनावाचं लॅटिन होतं का, बघायला हवं.

३० जानेवारी
नकार राहिला. हुळ्याला आज तिखटमीठ होतं.
ऐंशी गायब. बिनदोऱ्याच्या झाडांना मात्र धक्का नाही! बुरशी नेमकी सर्व्हेतलीच झाडं उचलते. दुसऱ्या कुणाच्या हे लक्षात आलं नसतं. साहेबांना अर्जंट रिपोर्ट धाडला: भयंकर साथ. खाली कायम करण्याविषयी एक ओळ.

६ फेब्रुवारी, दुपारी ४
साहेब स्वतः जीपने आले. शेत हिरवंगार. साथ कुठे आहे, म्हणाले. मी नव्या बुरशीचं सांगायला लागलो, तर गोजाबाई मध्येच म्हणाल्या, बुरशी कसली, ह्या भाऊसायबांनीच खाल्ली की! दोरं बांधून निवडून ठेवल्याली व्हती, म्हून दर मंगळवारी तीच उपटून भाजली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला न्हाई.
साहेब जीपमध्ये जाऊन बसले. मग म्हणाले, उद्या लेखी खुलासा द्या.

संध्याकाळी ७
खुलासा लिहितोय. 'पाहणीतील ऐंशी झाडे मी व माझ्या कुटुंबाने खाल्ली.' याच्यापुढे काही सुचत नाही. मला कायम करणार नाहीत.