कार्डाचं वाढलेलं मिनिमम

प्रज्ञाचे पप्पा,

बँकेचा फोन काल माझ्या दवाखान्यात आला. क्रेडिट कार्डाचं मिनिमम, दर महिन्याला कमीत कमी भरावंच लागतं ते, या महिन्यापासून दुप्पट झालंय आन् तुम्ही मला बोलला न्हाईत. लातूरला प्यायलाच पाणी न्हाई, मग तुमचं गाड्या धुवायचं सेंटर कोण चालू ठेवू देईल? त्यात तुमची काय चूक?

हैदराबादला एका म्हाताऱ्या बाईंना सांभाळायचं काम मिळालंय, महिनाभराचं. दवाखान्यात बिनपगारी रजा टाकली. प्रज्ञाला उमरीला आईकडं सोडून तसंच पुढं जाते. बँकेचा माणूस आला तर पगार झाला की पंचशीला भरणार हाय, एवढंच सांगा. टँकर मंगळवारी येईल, ड्रम बाहेर काढून ठेवा. भाकरी टोपल्यात हायेत.

परवा तुम्ही गच्चीच्या कठड्याला धरून उभे होतात. मी हाका मारल्या, तुम्ही वळूनसुद्धा बघितलं न्हाई. गच्चीला कुलूप लावलंय, किल्ली माझ्यापाशी हाय. हदगावहून साहेबरावभाऊजी आज येतील आन् मी येईपर्यंत तुमच्यासोबतच राहतील. त्यांना मी सगळं सांगितलंय. राग आला तर माझ्यावर काढा, पण त्यांना माघारी पाठवू नका.

पंचशीला