कोठीच्या उंबऱ्यावरचा दिवा

नांदेड,
२२ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. मार्तंडकाकांना,
अपूर्वाचा शि. सा. न. वि. वि.

आधी गोड बातमी, मग बाकीचं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाईलवरचं बारीक अक्षर तुम्ही वाचत नाही, म्हणून पोस्टाचा रस्ता. पण मला धीर निघेना बघा!

औशाहून पाठवलेलं, अंधारातही फोटो काढणाऱ्या त्या कॅमेऱ्याचं कार्ड मिळालं. तुमच्या कोठीतल्या सहा कुंड्यांनी कमाल केली. ही झाडं आरारूटच्या भाऊबंदांतली. दिवसा पानं आडवी, संध्याकाळी हात जोडल्यासारखी उभी. सूर्य मावळलेला बघून उठतात, की पानाच्या बुडाशी त्यांचं स्वतःचं घड्याळ असतं, हा माझा प्रश्न. बारा दिवस पूर्ण अंधारात ठेवली, तरी ती रोज बरोबर सव्वासहाला उठली! मधले चार दिवस तेवढा रोज आदल्या दिवसापेक्षा वीसेक मिनिटं जास्त उशीर दिसतो. कॅमेऱ्याचं घड्याळ बिघडलं असणार, म्हणून ते दिवस मी वगळले.

माझे गाईड शिवमूर्ती सर पहिल्यांदाच माझ्यावर खूश झाले. डिसेंबरात पुण्याच्या परिषदेत हेच मांडायचंय आणि पीएच.डी.चा मुख्य भाग यावरच उभा आहे. इथं विभागात हे जमलंच नसतं. अंधाऱ्या खोलीचं दार कुणीतरी उघडतंच आणि बटण दाबतंच. तुमच्यासारखा पहारेकरी कुठून आणू? काकूला नमस्कार. मायेत उणं पडू देऊ नका.

तुमची,
अपूर्वा

औसा,
२७ नोव्हेंबर २०२५

चि. अपूर्वा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून छाती फुगली. ‘आत येऊ नये’ अशी पाटी मी स्वतः खडूनं लिहून लावली होती. पाणी घालायला जायचो तेही तू हिरवा कागद लावून दिलेल्या बॅटरीवर, चाचपडत; हिरवा उजेड झाडांना फारसा कळत नाही म्हणाली होतीस ना. एकदा कुंडीऐवजी तुरीच्या पोत्यात पाणी गेलं. तुझ्या काकूला सांगू नकोस.

पण एक गोष्ट टोचून राहिली. चार दिवस वगळले म्हणजे काय गं? पाचवीत तू जास्वंद काढलीस आणि शोभते म्हणून सहावी पाकळी दिलीस. मी तुला पुन्हा झाडापाशी पाठवलं होतं, तू रडत गेली होतीस. आठवतं का? घड्याळ बिघडलं असेल तर चार दिवसांनी आपोआप नीट कसं झालं? नको असलेलं दिसलं की यंत्रावर ढकलायचं, हे मी शिकवलेलं नाही.

ते चार दिवस म्हणजे ११ ते १४ का? तेव्हा तुझी काकू भावाच्या वास्तुशांतीला रेणापूरला गेली होती. माझं तर जेवणाखाणाचं, झोपेचं सगळंच बिघडलं होतं, तेव्हा माझ्याच हातून काही झालं असलं तर सांग, मी रागावणार नाही. सगळे फोटो एकेक करून बघ. माझ्यावरचा लोभ मात्र वगळू नकोस.

तुझा,
मार्तंडकाका

नांदेड,
३ डिसेंबर २०२५

ती. स्व. काकांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी राग आला, मग लाज वाटली. अकराशे बावन्न फोटो पुन्हा बघितले. दर पंधरा मिनिटांनी एक. नऊ तारखेच्या सव्वासहाच्या फोटोत दाराच्या फटीतून एक हात आत आलाय. हातात निरांजन, मनगटावर गोंदलेली तुळस.

काका, काकू रोज दिवेलागणीला कोठीला दिवा दाखवत होती! बाकीच्या दिवशी दोन फोटोंच्या मधल्या वेळात तिचं दाखवून झालं असणार, म्हणून दिसली नाही. आणि दाराची कडी वाजलेली तुम्हाला ऐकू येत नाही. म्हणजे अंधार अंधार नव्हताच. काकू रोज येऊन झाडांचं घड्याळ जागेवर लावत होती असं दिसतंय, आणि ती रेणापूरला गेली तेव्हाच ते आपल्या चालीनं मागं पडत गेलं. खरे दिवस होते ते चारच, आणि मी नेमके तेच फेकले.

सरांना सगळं सांगितलं. पुण्याचं रद्द केलं. फार रडले, खोटं कशाला सांगू. सर म्हणाले की ते चार दिवस आणून दाखव. बघून म्हणाले, पुन्हा कर, यातून काहीतरी निघेल. चार दिवसांवर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणखी बारा हवेत. त्यासाठी माझी पीएच.डी. वर्षभर लांबली तरी चालेल मला.

काकूला रागावू नका, माझी शपथ आहे. मीच कुंड्या ठेवताना तिला काही विचारलं नव्हतं. बारा दिवस कोठीला दिवा न दाखवणं तिला जमेल का, एवढं विचारा. पोरीवर जीव असू द्या.

तुमची,
अपूर्वा

औसा,
९ डिसेंबर २०२५

चि. अपूर्वाला तारामतीकाकूचा आशीर्वाद.

तुझे काका म्हणाले, तूच लिही, म्हणून बसले. तुझं पत्र त्यांनी वाचून दाखवलं. पोरीचं वर्ष माझ्या हातानं गेलं म्हणून दोन दिस घास उतरला न्हाई. पाटीवर लिहिलं होतं, आत येऊ नये. मी कुठं आत गेले? उंबऱ्यावरूनच हात घातला. घरात धान्य हाय, तिथं सांजंला दिवा दाखवल्याबिगर कसं ऱ्हावं? आन् तुझी ती झाडं हात जोडून उभी. मला लई भरून यायचं. वाटायचं, माझ्याच दिव्याला जोडून राहिलीत.

तू मला एका शब्दानंबी बोलली न्हाईस. बोलली असतीस तर बरं वाटलं असतं.

कालपासून कोठी बंद केली. फटीत पोतं कोंबलं, दाराला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. पाणी घालायला काकांना नेते ती हिरवी बॅटरी घेऊन, दिव्याच्या वेळी न्हाई. त्या पोत्यातली तूर ओली सापडली, तेबी कळलं मला. सांजंला बंद दाराबाहेरूनच हात जोडते, उजेड न करता. बारा दिस काय, तू म्हणशील तेवढे दिस.

पण काकांपुढं दिवा रोज सव्वासहालाच येणार, ते आधीच सांगून ठेवते. त्यांना कडी ऐकू येत न्हाई, कुकरची शिट्टी ऐकू येत न्हाई. दिवा दिसला की पुस्तक मिटतात आन् हातपाय धुवायला उठतात. मी रेणापूरला होते तर पहिल्या दिशी आठला जेवले, मग नऊला, शेवटी साडेदहाला. झाडाला अंधारात ठेव, माझी ना न्हाई. त्या माणसाला पुन्हा ठेवायची न्हाई.

तुझी,
तारामतीकाकू