तेरावे भोक

स्नेहलतागंज, इंदूर
९ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप नाना यांस,
सुहासिनीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

आधी चांगली बातमी. माझ्या जुन्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स धड आहे. गळते ते फक्त तळाच्या तेलाच्या पॅनचे गॅस्केट. मिस्त्री त्याला पॅकिंग म्हणतो. कंपनीने ते बनवणे बंद केले आहे. बैनजी, सिलिकॉन थोपून देतो, असे त्याचे म्हणणे. मी साफ नाही म्हटले. वाळलेले तुकडे सुटून आतल्या जाळीत बसले, तर धड आहे तेही जायचे.

माझा डावा घोटा वळत नाही, क्लच दाबता येत नाही. मंगळवार-शनिवार हातोदला मुलींना गणित शिकवायला जाते ती याच गाडीच्या जोरावर. अभिरामने बजावले आहे की, दसऱ्याला तो येईल तेव्हा गाडीखाली तेलाचा थेंब दिसला, तर गाडी विकायची आणि मी पुण्याला त्याच्याकडे राहायचे. मुलगा आईशी नव्हे, पार्सलशी बोलतो आहे.

फोटोवरून माप कळत नाही असे तुम्हीच म्हणालात, म्हणून पॅनच्या कडेचा ठसा कागदावर घेऊन पाठवते. बोल्टची भोके लाल पेन्सिलीने भरली आहेत. गिरणीच्या वर्कशॉपमधला हात अजून चालत असेल, तर कापून द्या.

बेबीवहिनींना नमस्कार. माया आहे तशी राहू द्यावी.

तुमची धाकटी बहीण,
सुहासिनी


नागपूर
१९ सप्टेंबर २०२४

चि. सुहासिनीस अनेक उत्तम आशीर्वाद.

हात चालतो. कॉर्क-रबराच्या शीटमधून गॅस्केट कापले, पुठ्ठ्यात सपाट बांधून कुरियरने धाडले. खुणा दोनदा मोजल्या, भोके बरोबर तेवढीच पाडली. बोल्ट समोरासमोरचे आवळायला सांग. जोर लावू नये, नाहीतर कॉर्क चेपून बाहेर येते. मिस्त्रीला शिकवायला तू आहेसच, त्याची मला दया येते.

नाना


इंदूर
२७ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप नाना यांस साष्टांग नमस्कार.

बोल्ट बारा आहेत. तुम्ही भोके तेरा पाडलीत. तेरावे आतल्या कडेला असे पडले आहे की तिथूनच तेल झिरपते. गॅस्केटमध्ये एक भोक जास्ती आहे, भियाजींनी वरून फुकट दिले की काय, असे म्हणून मिस्त्री हसला. माझ्या भावावर माझ्या समोर हसला! दसऱ्याला पंधरा दिवस उरले आहेत.

चिडलेली, तरी तुमचीच,
सुहासिनी


नागपूर
३ ऑक्टोबर २०२४

चि. सुहासिनीस आशीर्वाद.

तुझा कागद जपून ठेवला होता. त्यावर लाल ठिपके तेराच आहेत. मी तो बेबीला दाखवला. तिने एका ठिपक्यावर बोट फिरवले, तर बोट लाल झाले. पेन्सिल नव्हे ती, कुंकू! तू तर असल्या गोष्टी मानत नाहीस. बेबी अजून हसते आहे.

आता पोस्टाची वाट बघू नकोस. शीट तिथेच घे, माझेच गॅस्केट वर ठेवून कड आखून काढ, ते तेरावे सोडून दे आणि स्वतः काप. चाळीस वर्षे मुलांच्या आकृत्या तपासल्यास, एक तुझी होऊ दे.

नाना


इंदूर
१४ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप नाना यांस,
सुहासिनीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

कापले. कड शिवणाच्या कात्रीने, भोके मिस्त्रीच्या पंचाने. बारा. तीनदा मोजली. मिस्त्री पॅन चढवून फक्त, बढिया है बैनजी, एवढेच म्हणाला.

दसऱ्यामुळे शनिवारऐवजी शुक्रवारीच मी हातोदला जाऊन आले आणि आल्यावर गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवले. शनिवारी, दसऱ्याच्या सकाळी, अभिराम पोहोचला तो बॅग हातात तशीच ठेवून आधी गाडीखाली वाकला. वर्तमानपत्र ओढून काढले, दोन्ही बाजूंनी पाहिले, मग पायरीवर बसून चहाबरोबर वाचले. पुण्याचे नाव काढले नाही. मला इतके हलके वाटले की मी त्याला दोन डाव पोहे जास्त वाढले.

कुंकू मीच लावले होते. लिफाफा बंद करताना राहवले नाही. वहिनींना सांगा, हसणे आता पुरे.

दुपारी गाडीची पूजा केली. या वेळी कुंकू बॉनेटवर लावले. एकच बोट, मोजून.

रागासकट सांभाळून घ्यावे.

तुमची,
सुहासिनी