तीन हातांचं अंतर

प्रिय दादा,

उद्या संवत्सरी. आज दुपारी बसून क्षमापनेची कार्डं लिहिली. वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर माफ करा, एवढाच मजकूर. घोडनदीच्या मावशीला, नगरच्या आत्याला, सगळ्यांना तोच. शेवटी एक कार्ड उरलं. कोण राहिलं म्हणून यादी पुन्हा वाचली, तर कुणीच राहिलं नव्हतं. तेव्हा लक्षात आलं, हे तुझं आहे. पण तुझ्याशी बोलायचं ते कार्डावर मावणार नाही, म्हणून वहीचा कागद घेतला.

'दादा' हा शब्द आज तुझ्यासाठी पहिल्यांदा लिहिला. जन्मभर मी तुला ताई म्हटलं. घरच्यांच्या लेखी तू शकुंतला, थोरली मुलगी. तू जाऊन सात महिने झाले आणि आता मी तुला हवी ती हाक मारते आहे. फार उशीर केला ना?

हल्ली तू स्वप्नात येतोस. थंडीतली सकाळ असते, नाशिक रस्त्यावर धुकं असतं आणि त्यात साधू एका रांगेत चाललेले असतात. अनवाणी, पांढऱ्या वस्त्रांत. धुकं कुठं संपतं आणि वस्त्रं कुठं सुरू होतात, ते कळत नाही. तू त्यांच्यातच कुठंतरी आहेस, एवढं मला ठाऊक असतं. सगळ्यांची पाठ माझ्याकडे. हाक मारावीशी वाटते, पण तोंडातून काय बाहेर पडेल याची भीती वाटते. मग जाग येते.

तो रस्ता आपल्या दुकानासमोरचाच. चाकणला तेव्हा कंपन्या नव्हत्या, कांदा होता. साधूंचा पायी विहार गावातून जायचा तेव्हा तू हातातला गूळ तसाच टाकून पायरीवर येऊन उभा राहायचास. चौदा वर्षांचा असशील. एकदा ते वळणाआड गेले तरी तू हलला नाहीस. म्हणालास, "मला यांच्यात जायचंय."

आईला केवढा आनंद झाला. "कार्तिकात महासतीजी येतील, त्यांना विचारू. पोरगी त्यांच्याकडे दीक्षा घेऊन साध्वी होते म्हणजे घराचं भाग्यच."

"महासतीजींच्यात नाही. यांच्यात."

बापूजी इतके हसले की हातातला तराजू हलला. "यांच्यात बायकांना घेत नाहीत, शकू."

"ठाऊक आहे मला," तू म्हणालास.

त्या संध्याकाळी मागच्या अंगणात कांद्याच्या पोत्यांवर बसून तू मला सांगितलंस, "सुमे, मी मुलगी नाही." कांदा निवडणाऱ्या बाया समोरच होत्या. त्यातली एक म्हणाली, "शकी बग की, कशी गड्यावानी बसलीया." बाकीच्या हसल्या. मी विचारलं, "मग कोण आहेस?" तू म्हणालास, "ते मला कळतं. सांगता येत नाही." मी सात वर्षांची होते. मला त्यात काही अवघड वाटलं नाही. अवघड नंतर वाटायला लागलं, ते का, हे मात्र सांगता येत नाही.

पुढं तू तीन स्थळं नाकारलीस आणि घरात पुन्हा दीक्षेचं निघालं. महासतीजी तुला घ्यायला तयार होत्या. घरच्यांचं आज्ञापत्र लागतं, ते बापूजींनी मला लिहायला सांगितलं, माझं अक्षर चांगलं म्हणून. 'आमची कन्या स्वखुशीने दीक्षा घेत आहे' असं मी लिहिलं. तुला एका शब्दानं विचारलं नाही.

तीन महिने तू त्यांच्याजवळ राहिलास. सूत्रं पाठ केलीस. पत्रिका छापून झाल्या, वाजंत्री ठरली, आणि आठ दिवस उरले असताना तू चालत घरी आलास. बापूजींना म्हणालास, "तिथं सगळं चांगलं आहे. माया करतात माझ्यावर. पण खरं बोलायचं व्रत घ्यायचं आणि पहिल्याच दिवसापासून खोटं होऊन राहायचं, हे माझ्यानं होणार नाही."

लोक म्हणाले, हिला धर्म नको. आम्हालाही तसंच वाटलं. तुला तर आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त हवा होता. एक दार उघडं होतं, पण ते तुझं नव्हतं. तुझं होतं ते उघडणार नव्हतं.

मग तू केस कापलेस, शर्ट-पायजमा घातलास आणि काळेवाडीत खोली घेतलीस. पिंपरीला यूसुफभाईंच्या छोट्या कारखान्यात ड्रिलवर काम करायला लागलास. नाव सांगितलंस शांतिलाल. मी लग्न होऊन कासारवाडीला आले होते. एकदा डबा घेऊन तिथं आले आणि दारातच विचारलं, "ताई आहे का?"

यूसुफभाईंनी हात पुसत माझ्याकडे पाहिलं. "ताई कोण न्हाई इथं. शांती हाय. बोलवू?"

मी मान हलवली. त्या माणसाला पहिल्या दिवसापासून जे जमलं, ते मला का जमलं नाही?

सुट्टीच्या दिवशी तू विहाराला जायचास. साधू एका गावाहून दुसऱ्या गावी निघाले की वाट दाखवायला काही श्रावक बरोबर चालतात, त्यांत तू. पुढं तिथंही सगळे तुला शांतीभाई म्हणू लागले. त्या साधूंतल्या मोठ्या महाराजांचं पाऊल कसं पडतं, खडे लागले तरी ते कसे घाई करत नाहीत, हे तू मला सांगायचास. सांगताना तुझा आवाजसुद्धा हळू व्हायचा, जणू ते शेजारच्या खोलीत झोपलेत. बाकीचे लोक त्यांच्या पायांवर डोकं ठेवायचे. तू मात्र तीन हात लांब, हात जोडून उभा.

मी विचारलं, "असं का? तू तर म्हणतेस, मी पुरुष आहे."

"मी कोण ते मला ठाऊक आहे, सुमे. त्यांना ठाऊक नाही. बाईचा स्पर्श, अगदी पदराचासुद्धा, त्यांना चालत नाही. त्यांच्या नकळत त्यांचा नियम मी का मोडू?"

चार वर्षं तू ते अंतर राखलंस. मग ती सकाळ आली. चाकणहून चिंचवडला येताना निघोज्याच्या उतारावर नवी खडी टाकली होती. मोठ्या महाराजांचा पाय घसरला आणि तू धावलास. त्यांना दोन्ही हातांनी धरलंस, स्वतः खडीवर आपटलास. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. चिंचवडच्या जैन स्थानकात बाकीच्या बायकांबरोबर मी स्वागताला उभी होते. तू आत आलास तो शर्टाची बाही रक्तानं भिजलेली. आणि मी ओरडले, "ताई! रक्त येतंय!"

सगळं स्थानक वळून बघायला लागलं. एक कापडवाले शेठ म्हणाले, "काय हो शांतीभाई, तुमच्यातली ताई कोण?" हसू पसरत गेलं. महाराज पाटावर बसले होते, खाली बघत. तू माझ्याकडे पाहिलंस. रागानं पाहिलं असतंस तर बरं झालं असतं. मग हात जोडून तू बाहेर पडलास.

दुसऱ्या दिवशी महाराजांनी उपवास केला. का, ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांना वाटलं, स्पर्शाचं प्रायश्चित्त. तुलाही तेच वाटलं. "माझ्यामुळं म्हातारा माणूस उपाशी राहिला," एवढंच म्हणालास, आणि पुन्हा कधी विहाराला गेला नाहीस. सुट्टीच्या दिवशी काळेवाडीच्या खोलीत खिडकीशी बसून राहायचास.

गेल्या माघात छातीचं दुखणं वाढलं. अखेरच्या दिवसांत तुला ग्लानी असायची. मधेच डोळे उघडून विचारायचास, "त्यांचा उपवास सुटला का?" मी म्हणायचे, "सुटला." महाराज स्वतः जाऊन तोवर दोन वर्षं झाली होती. तू गेलास तेव्हा नातेवाईक साडी घेऊन आले. मी तुला धुतलेला शर्ट-पायजमा घातला. आईनं बटणं लावली. एवढं एकच मी वेळेवर केलं.

आता खरं सांगायचं ते सांगते. या चातुर्मासात मोठ्या महाराजांचे शिष्य, धाकटे महाराज, चिंचवडला आहेत. त्या दिवशी निघोज्याला तेही बरोबर होते. परवा प्रवचन झाल्यावर आम्ही चारपाच बायका वंदन करून उठत होतो, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "तुमचे बंधू दिसत नाहीत?"

'बंधू' म्हणाले ते तुला, दादा. सगळ्यांसमोर, सहज.

मी म्हटलं, "माघात गेले." त्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "आमच्या गुरूंनी तो उपवास स्पर्शासाठी केला नव्हता. ते म्हणाले होते, हा माणूस चार वर्षं तीन हात लांब उभा राहिला. तो का, ते मला केव्हाच कळलं होतं. आमचा नियम आमच्यापेक्षा त्यानंच जास्त पाळला. आज लोक त्याला हसले आणि मी गप्प बसलो. हा उपवास त्या गप्प बसण्याचा." पुढं म्हणाले, "शांतीभाईंना निरोप पाठवला होता. पोचला नसावा."

मी पदर सावरून बाहेर पडले. पोचला होता, दादा. माझ्यापर्यंत पोचला होता.

त्या प्रसंगानंतर महिन्याभरानं एक श्रावक आमच्या दारी आले होते. "महाराज शांतीभाईंची आठवण काढतात, एकदा येऊन जा म्हणावं." बाहेरच्या खोलीत सासूबाई बसल्या होत्या. मी म्हटलं, "कोण शांतीभाई? आम्ही ओळखत नाही." तुला बोलावून ते खडसावतील असं वाटलं, असं मी स्वतःला कितीदा सांगितलं. पण खरं कारण बाहेरच्या खोलीतलं होतं. तुला मी काहीच कळू दिलं नाही. महाराज वाट बघत गेले, आणि तू खिडकीशी बसून गेलास.

मिच्छामि दुक्कडम्. माझं दुष्कृत्य मिथ्या होवो, असा त्याचा अर्थ तूच मला शिकवला होतास. पण हे मिथ्या होईल का? त्या दिवशी तुला सांगितलं असतं, तर तू किती पावलं अजून चालला असतास?

संवत्सरीनंतर स्थानकात जाऊन धाकट्या महाराजांना खरं सांगणार आहे, त्या बायका बसलेल्या असतानाच. आणि कार्तिकी पौर्णिमेनंतर साधू चाकणकडे निघतील, तेव्हा मागे, अंतर ठेवून, मीही अनवाणी चालणार आहे. निघोज्याच्या उतारापर्यंत तरी नक्की. कुणी विचारलं, बाई, तुम्ही कुठं, तर सांगेन, माझा भाऊ या वाटेनं चालायचा.

आणि पुन्हा स्वप्नात आलास तर भिणार नाही. हाक मारीन. तेवढं वळून बघ.

तुझी बहीण,
सुमन